गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या पद्मिनीचा करंट नेमका कुठे जातो?

तक्रार ठरलेली असते. मुंबईहून निघालेली प्रीमियर पद्मिनी मोटार कसाऱ्यापर्यंत झकास येते. घाट चढून इगतपुरी मागे टाकली की आचके द्यायला लागते आणि घोटीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण पकडत नाही. बोनेट उघडून ठेवायचं, टपरीवर चहा घ्यायचा, परत येऊन किल्ली फिरवायची, की पहिल्याच सेल्फला चालू! नाशिकला गॅरेजात लावली तर दिवसभर शहाण्यासारखी चालते. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, पेट्रोल उकळलं असणार." प्लग साफ होतात, कार्बोरेटर धुतला जातो, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच.

अशा गाडीची बिलं पाहिली तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी), कंडेन्सर, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे), प्लग, पंप सगळं बदलून झालेलं दिसतं. त्यातलं निम्मं सामान निर्दोष असताना निघालेलं असतं. कारण उघड आहे. तपासणी झाली तेव्हा बिघाड हजरच नव्हता. गार गाडीत गरम गाडीचा दोष सापडत नाही. म्हणून या दुखण्यावर माझा एकच आग्रह असतो: गाडी बंद पडली की चहाला जायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत जे कळतं, ते नंतर गॅरेजात पाच दिवस ठेवूनही कळत नाही.

पहिली पाच मिनिटं: करंट गेला की पेट्रोल?

डिकीत एक जादा प्लग, टेस्ट लॅम्प (क्लिप आणि टोक असलेला करंट तपासायचा दिवा), दोन-तीन फूट वायर आणि इन्सुलेशनची पकड असली की पुरे. गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण आत घ्या. घाटाच्या वळणावर असाल तर आधी ढकलून सुरक्षित जागी न्या, कारण ट्रकवाल्याला तुमचा कंडेन्सर दिसत नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला.

एका सिलिंडरची प्लग-वायर काढून जादा प्लगला लावा. प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या मोकळ्या धातूला नीट टेकेल असं वायरने बांधा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरायचा नाही. तिथे पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात, आणि ज्याला पेसमेकर बसवलाय त्याने बोनेटपासून लांबच राहावं. कार्बोरेटरजवळ किंवा पेट्रोल झिरपतंय अशा जागी ठिणगी काढायची नाही, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

ठिणगी निळी, ठसठशीत, चट्-चट् आवाज करणारी असेल तर करंट ठीक आहे. मग मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच लागलेला आहे. चढावर कमी वेगात इंजिन तापतं, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकायची जुन्या घाटवाल्या ड्रायव्हरांची युक्ती यासाठीच होती आणि ती आजही चालते. फडकं टाकून दोन-चार मिनिटांत गाडी पकडत असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला शोधा: नळी एक्झॉस्टला खेटून गेलीय का, पंपाखालचं पॅकिंग जागेवर आहे का. त्यात मी इथे शिरत नाही.

ठिणगी पिवळट, बारीक, मधेच चुकणारी असेल किंवा नसेलच, तर ओलं फडकं डिकीत टाका आणि पुढे वाचा.

आता डिलकोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या, कॅपमधून कॉइलची मधली जाड वायर उपसा. पकडीत धरून तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारा. इथे जोरदार ठिणगी आहे पण प्लगला नाही, म्हणजे चोर कॅपमध्ये, तिच्या आत फिरणाऱ्या रोटरमध्ये किंवा प्लगच्या वायरींत. इथेही नाही, म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा त्यांच्यापर्यंत येणारी लाइन.

तिसरी पायरी टेस्ट लॅम्पची. कॉइलला दोन बारीक टर्मिनल असतात. एकावर किल्लीकडून करंट येतो, दुसऱ्यावरून डिलकोकडे जातो. जुन्या कॉइलवर 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' असं कोरलेलं असतं, नव्यांवर प्लस-मायनस. लॅम्पची क्लिप बॉडीला लावा, किल्ली ऑन करा आणि आधी किल्लीकडच्या टर्मिनलवर टोक टेकवा. दिवा लागलाच नाही तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही. अशा वेळी बॅटरीच्या प्लसवरून थेट त्या टर्मिनलला वायर द्या. गाडी चालू झाली तर कॉइल-पॉइंट सगळे निर्दोष. दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा मधल्या जोडात. एवढं लक्षात ठेवा की ही वायर जोडलेली असेपर्यंत किल्लीने गाडी बंद होत नाही. बंद करायची तर वायर ओढायची.

किल्लीकडे दिवा लागतोय तर टोक डिलकोकडच्या टर्मिनलवर न्या आणि सेल्फ मारा. पॉइंट उघडले की दिवा लागतो, मिटले की विझतो, म्हणजे तो लुकलुकायला हवा. लुकलुकतोय म्हणजे पॉइंट आपलं काम करताहेत; मग कंडेन्सर आणि कॉइलवर संशय. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा त्यांच्यावर मळ, तेल आहे. सतत विझलेला असेल तर पॉइंट उघडत नाहीत, डिलकोतली वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय, किंवा कॉइलचं आतलं वेटोळं तुटलंय. शेवटच्या दोघांतला फरक कळायला डिलकोकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून काढा. दिवा लागला तर कॉइल धड आहे, दोष डिलकोत.

या सगळ्याला चहापेक्षा कमी वेळ लागतो.

कंडेन्सर आणि कॉइल

घाटातल्या या तक्रारीत मी सगळ्यात आधी कंडेन्सरवर बोट ठेवतो. डिलकोला बाहेरून किंवा आतून स्क्रूने लागलेली ती बोटाच्या पेराएवढी डबी, साधारण ०.२ मायक्रोफॅरडची. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट एकदम थांबायला हवा. तो जितका झटकन थांबेल तितकी ठिणगी जोरदार. कंडेन्सर नसेल तर तो करंट उघडणाऱ्या पॉइंटांमध्येच ठिणगी बनून जळतो आणि प्लगला जायला काही उरत नाही. डबीच्या आतले पातळ थर जुने झाले, किंवा मुळातच सुमार दर्जाचे असले, की गार असताना टिकतात आणि तापले की गळायला लागतात. परत गार झाले की परत ठीक. तुमच्या तक्रारीचं वर्णन याहून नेमकं कुठे मिळणार?

खूण अशी: कॅप काढून सेल्फ मारताना पॉइंटांमध्ये मोठा निळा लोळ दिसतो, आणि पॉइंटांची तोंडं काळी-निळी पडलेली असतात. बारीकशी ठिणगी दिसणं स्वाभाविक आहे, तिला घाबरू नका.

गाडी घरी असताना हा दोष मुद्दाम उभा करता येतो. इंजिन चालू ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने कंडेन्सर तापवा. चार-पाच मिनिटांत मिसिंग (मधेच ठिणगी चुकणं) सुरू झालं तर मिळाला गुन्हेगार. नाही झालं तर तोच ड्रायर कॉइलवर धरा. हा प्रयोग मी ज्यांना सांगितला त्यातल्या काहींना घरून ड्रायर मिळवणं हेच जास्त अवघड गेलं.

कॉइलची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी आहे. साध्या पॉइंटच्या गाडीला लागणाऱ्या कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलांमध्ये मीटरवर साधारण ३ ते ३.५ ओहम दिसायला हवेत. बाजारात दिसायला तशीच, पण दीड ओहमची कॉइलही मिळते. ती वेगळ्या रेझिस्टरबरोबर वापरायची असते. रेझिस्टर नसलेल्या गाडीला ती लावली की हिशेब सरळ आहे: १२ व्होल्ट भागिले ३ ओहम म्हणजे ४ अँपिअर, आणि भागिले दीड म्हणजे ८. पॉइंट दुप्पट करंट तोडत बसतात, कॉइल तापत जाते, आणि शहरात गंगापूर रोडवर दोन-चार किलोमीटर फिरताना काहीच जाणवत नाही. घाटात जाणवतं. मग मालक पुन्हा "नवी" कॉइल आणतो, त्याच दुकानातून, तीच. मी पाहिलेल्या एका पद्मिनीत ओळीने बदललेल्या सगळ्या कॉइली दीड ओहमच्या निघाल्या. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी कॉइल म्हणजे कॉइल.

म्हणून मीटर खिशात घेऊन दुकानात जा. मीटरच्या दोन पिना आधी एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते बघा, ते आकड्यातून वजा करा, मग कॉइल मोजा. दुकानदार जरा चमत्कारिक नजरेने बघेल, बघू द्या.

आणखी एक: इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून ते ४ अँपिअर सतत वाहत राहतात. चालत्या गाडीत कॉइलला मधे मधे उसंत मिळते, इथे मिळत नाही.

रेस दिली की मरते, सोडली की जगते

ही तक्रार वरच्यासारखीच वाटते पण कारण निराळं असतं. गाडी आयडलिंगला गोड चालते, पिकअप घ्यायला गेलात की फट्-फट् करून बसते. सगळे कार्बोरेटर उघडतात. मी डिलकोची कॅप उघडतो.

आत पॉइंट ज्या ताटलीवर बसतात, ती इंजिनाच्या व्हॅक्यूमने (ओढीने) थोडी फिरते. त्या ताटलीकडे जाणारी एक बारीक, मऊ वायर असते, आणि ताटली बॉडीला जोडणारी एक उघडी विणलेली पट्टीसारखी अर्थ-वायर. रोज हजार वेळा वाकून त्या आतून तुटतात. वरचं आवरण शाबूत असतं, म्हणून नजरेला काहीच दिसत नाही. ताटली फिरली की तुटकी टोकं सुटतात, परत आली की टेकतात. किल्ली ऑन ठेवून, टेस्ट लॅम्प डिलकोकडच्या टर्मिनलवर लावून, ताटली बोटाने हलवून बघा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला हवा. ताटली हलवताना तो चमकला तर वायर किंवा अर्थ तुटतेय. नवी वायर टाकताना घरातली जाड कडक वायर घालू नका. बारीक अनेक तारांची, लवचीकच हवी. कडक वायर आठ दिवसांत तुटते किंवा ताटलीला फिरूच देत नाही.

कॅप उघडलीच आहे तर पॉइंटचा गॅपही बघून घ्या. पद्मिनीला साधारण ०.४५ मिलिमीटर, मेकॅनिकच्या भाषेत १८ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ). अँबॅसिडरला १५ थाउच्या आसपास. पॉइंटचा फायबरचा गुडघा कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) टोकावर चढलेला असतानाच फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालायचा. कॅमला मुगाएवढं ग्रीस, त्याहून जास्त नाही. जास्त झालेलं उडून पॉइंटांवरच जातं.

त्र्यंबकचा पाऊस

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. शहरात नुसती भुरभुर असते आणि त्र्यंबक रस्त्याने पुढे सरकावं तसा पाऊस दाट होत जातो. श्रावणात पहाटे निघालेली जुनी गाडी अंजनेरीच्या पुढे दोन सिलिंडरवर चालायला लागली तर आधी कॅप काढून कोरड्या फडक्याने आतून पुसा. दहांतल्या बऱ्याच वेळा काम तिथेच संपतं.

पण दर पावसात तेच होत असेल तर पुसणं हा उपाय नाही. कॅपच्या आत दोन पितळी खुंट्यांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसते का बघा. करंटने तिथे आपला रस्ता जाळून काढलेला असतो. खरवडून ती जात नाही, कॅप बदलायचीच. मधला कोळशाचा ठोकळा स्प्रिंगवर सहज खाली-वर होतो ना, तेही बघा. प्लगच्या वायरी तपासायला सगळ्यात चांगली वेळ रात्रीची: पूर्ण अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. जिथून निळ्या रेषा सरपटताना दिसतील, ती वायर बाद. हात मात्र मागे.

रोटर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. वर पितळ, खाली प्लास्टिक, दिसायला धडधाकट, पण आतल्या आत तडा जाऊन करंट खालच्या दांड्यात उतरतो. तपासायला कॅप काढा, कॉइलच्या जाड वायरचं टोक पकडीत धरून रोटरच्या पितळावर पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. रोटर चांगला असेल तर करंटला पुढे वाट नाही, त्यामुळे ठिणगी उडायला नको. एखादी बारीकशी उडाली तर सोडून द्या. एकामागून एक ठसठशीत उडत असतील तर रोटर फुटलाय.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पद्मिनी काय, अँबॅसिडर काय, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. पण कॅपवर एक नंबर कुठला आणि रोटर कुठल्या दिशेने फिरतो हे पावसात उभं राहून आठवत नाही.

अर्थ: ज्याला कुणी पार्ट मानत नाही

फियाट ११०० डिलाइट म्हणून १९६४ साली आलेलं हे मॉडेल पुढे पद्मिनी झालं आणि शतक संपता संपता थांबलं. म्हणजे आजची नव्यात नवी पद्मिनीसुद्धा पंचवीस वर्षांच्या वायरिंगवर चालतेय, आणि त्यातल्या प्रत्येक बोल्टखाली थोडा गंज, थोडा रंग आहे. प्लसकडची वायर सगळे तपासतात. परतीची वाट मात्र बॉडीतून आहे, म्हणून ती कायमच ठीक असेल असं धरून चालतात.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली अर्थ-पट्टी असते. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात ती काढली जाते आणि परत लावायची राहते. मग सेल्फचा एवढा मोठा करंट परत कसा जातो? चोकच्या केबलमधून, अॅक्सिलरेटरच्या तारेतून, जिथून वाट मिळेल तिथून. एका ओळखीच्या अँबॅसिडरमध्ये सेल्फ मारला की चोकची मूठ चटका बसेल इतकी तापायची, आणि घरातले चोकला दोष देत होते. पट्टी लावली, मूठ गार झाली, आणि सेल्फही जो मरगळलेला वाटायचा तो खणखणीत झाला.

मीटर असेल तर अर्थचं दुखणं आकड्यात पकडता येतं. कॉइलवरून डिलकोला जाणारी बारीक वायर काढा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच), लाल पिन इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पट्टी, क्लॅम्प, बॉडीवरचा बोल्ट सगळं उघडून धातू चमकेपर्यंत घासा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली.

मग वायर परत जोडा, किल्ली ऑन, पॉइंट मिटलेले. बॅटरीचा प्लस आणि कॉइलचं किल्लीकडचं टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट इग्निशन स्विच आणि जोड खाताहेत. पॉइंट उघडे असताना हे मोजू नका. तेव्हा करंटच वाहत नसतो, त्यामुळे सडक्या जोडावरही मीटर सगळं आलबेल दाखवतो. पुष्कळ वायरमन इथेच चकतात: कॉइलवर १२ व्होल्ट दिसले, चला, लाइन ओके. ओके नसते.

फ्यूजबद्दल एवढंच: बहुतेक जुन्या गाड्यांत इग्निशनची लाइन फ्यूजमधून जातच नाही. म्हणून बंद पडलेल्या गाडीत फ्यूज चाचपण्यात वेळ घालवू नका, आणि त्याच लाइनीवर हॉर्न-दिव्यांचे जादा जोड तर मुळीच मारू नका. तिथे शॉर्ट झाला तर थांबवायला काही नाही, सगळा हार्नेस (वायरींचा जुडगा) जळतो.

डायनॅमोवाल्यांसाठी थोडक्यात

जुन्या गाडीत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असेल तर आयडलिंगला लाल दिवा मिणमिणणं हा बिघाड नाही. तेवढ्या फेऱ्यांना तो चार्ज करतच नाही. गणपतीत मेन रोडच्या गर्दीत हेडलाइट लावून तासभर रांगत राहिलात तर बॅटरी उतरणारच. अल्टरनेटरच्या गाडीत इंजिन जरा रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. गाडी उभी असताना रात्रभरानंतर १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पारा उतरतो तेव्हा ही निम्मी बॅटरी सेल्फ ओढताना ९.६ च्या खाली जाते आणि त्याच वेळी कॉइललाही कमी व्होल्ट मिळतात. इंजिन फिरतंय पण पकडत नाही, असं फक्त सकाळीच होत असेल तर डिलको उघडण्याआधी बॅटरी मोजा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का, असं पुष्कळजण विचारतात. बसवा, चांगलं चालतं. पण अर्थ आणि लाइनीचे व्होल्ट आधी सुधारा, कारण किटला कमी व्होल्ट पॉइंटांपेक्षा कमी सोसतात, आणि ते रस्त्यात गेलं तर पॉलिश पेपरने घासून चालू होत नाही. काढलेली पॉइंटांची ताटली वायरसकट जपून डिकीत ठेवा.

जादा कंडेन्सर ठेवायचा तर पाकिटबंद नवा ठेवू नका. नवा घेतलात की तो गाडीला लावा, पंधरा दिवस शहरात पळवा, एकदा त्र्यंबकपर्यंत जाऊन या. टिकला तर तोच गाडीत राहू द्या आणि आधीचा, जो चालत होता, तो काढून त्याच्यावर तारीख लिहून डिकीत टाका.